कर्णनाद आणि संगीताचा आधार

बाहेर सर्वत्र शांतता असतांना ज्याच्या कानांत अखंड गुणगुण किंवा किणकिण चालू असते, त्या मनुष्याचें दुःख दुसऱ्यास दिसत नाहीं. दिवसा तो कामांत गुंतलेला असतो, तोंवर बरें असतें. पण दिवा मालवून पाठ टेकली, कीं तोच आवाज सारी खोली व्यापून टाकतो. या विकारास आपल्या वैद्यकांत कर्णनाद म्हणतात.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत कानाचे २८ रोग गणिले आहेत; त्यांत कर्णनाद हा एक होय. वायु आपला मार्ग सोडून शब्दवाहिनी नाड्यांत शिरला, म्हणजे मनुष्यास नाना प्रकारचे शब्द ऐकूं येतात, अशी सुश्रुताची उपपत्ति आहे. पुढें माधवनिदानांत हे शब्द भेरी, मृदंग आणि शंख यांच्या ध्वनीसारखे असतात असें म्हटलें आहे. योगग्रंथांतहि अंतर्नादाचें वर्णन येतें. परंतु तो साधकानें यत्नानें शोधावयाचा नाद, आणि हा न बोलावतां आलेला. दोहोंची गल्लत करणें युक्त नव्हे.

या पीडेस उतार कशानें पडतो, याचा विचार पश्चिमेकडेहि फार प्राचीन आहे. अॅरिस्टॉटलच्या नांवावर असलेल्या एका प्रश्नसंग्रहांत असें विचारलें आहे, कीं कानांत गुणगुण होत असतां बाहेर आवाज केला तर ती कां थांबते? मोठा आवाज लहानास हुसकून लावतो म्हणून काय, असें उत्तरहि तेथें सुचविलें आहे. पॅरिस येथील मूकबधिरांच्या संस्थेचे वैद्य इतार यांनीं १८२१ च्या आपल्या ग्रंथांत तोच धागा उचलला. कानांतील आवाज ज्या जातीचा, त्याच जातीचा सौम्य आवाज रोग्याच्या खोलींत असावा. कोणास जळत्या ओल्या लाकडाचा, तर कोणास तांब्याच्या भांड्यांत ठिबकणाऱ्या पाण्याचा, असा त्यांचा उपाय होता. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत अमेरिकेंतील जॅक व्हर्नन यांनीं याच तत्त्वावर कानांत बसविण्याच्या लहान यंत्रांचा पुरस्कार केला.

यामागील कारण आतां बरेंच उलगडलें आहे. अंतःकर्णांतील शंखाकृति नळींत सूक्ष्म केशयुक्त पेशी असतात. वयामुळें, मोठ्या आवाजामुळें किंवा कांहीं औषधांमुळें त्या झिजल्या, म्हणजे मेंदूकडे जाणारे संदेश घटतात. ती उणीव भरून काढण्यासाठीं मेंदू आपली ग्रहणशक्ति वाढवितो आणि स्वतःचीच कुजबुज ऐकूं लागतो, असें पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. रात्रीच्या निःशब्द घरांत घड्याळाची टिकटिक मोठी वाटते, तसेंच हें.

चेक संगीतकार स्मेताना हा १८७४ सालीं बहिरा झाला. १८७६ सालच्या 'माझ्या जीवनांतून' या त्याच्या चार तंतुवाद्यांच्या रचनेंत, अखेरच्या भागीं आनंदाची गति चालू असतां एकाएकीं व्हायोलिनचा अति उंच स्वर लांबत राहतो. आपल्या कानांत घुमणारा स्वर तो हाच, असें त्यानें सांगून ठेवलें आहे. त्या रचनेनें त्याचा रोग गेला नाहीं. पण जें दुसऱ्यास दाखवितां येत नव्हतें, तें ऐकवितां आलें.

मराठी मनुष्यास हा आधार दूर शोधावा लागत नाहीं. १९९९ सालीं परभणींतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा ही नामदेवांची भूमि. कयाधू नदीकांठचें नरसी हें परंपरेनें त्यांचें जन्मस्थान, आणि औंढा नागनाथ येथें त्यांस विसोबा खेचरांचा उपदेश लाभला. तेथील देवळासमोर कीर्तन करूं न दिल्यामुळें नामदेव मागील बाजूस गेले, तेव्हां देऊळच त्यांच्याकडे फिरलें, अशी आख्यायिका आहे. कर्णनादाचा रोगीहि माणसांतून असाच मागें पडतो. बोलणें नीट उमगत नाहीं, म्हणून तो बैठक टाळतो. टाळतां टाळतां एकटा पडतो, आणि एकांतांत नाद बळावतो. भजनांत ही अडचण निम्मी सरते. पद तोंडपाठ असतें, ताल हातांत असतो, आणि शेजाऱ्याशीं संभाषण करावें लागत नाहीं. माधवनिदानांतला मृदंग एकट्यासच ऐकूं येतो; भजनांतला मात्र साऱ्यांस.

तथापि प्रमाण सोडूं नये. टाळांचा किंवा ध्वनिक्षेपकाचा कर्कश गजर कानांस अधिक इजा करील. निजतांना तंबोऱ्याचा मंद स्वर कानांतील नादाहून किंचित् खालीं ठेवावा, म्हणजे मन दोहोंची सवय करून घेतें. नाद एकाच कानांत असेल, नाडीच्या ठोक्यासारखा असेल, किंवा बहिरेपण एकाएकीं आलें असेल, तर वैद्यास दाखविण्यास विलंब लावूं नये. इतरांनीं निदान एवढें करावें, कीं रोग्यानें आवाज येतो म्हणून सांगितल्यावर 'कांहीं नाहीं, भास आहे' असें म्हणूं नये. आवाज त्यास खरोखरच येत असतो.