बोलायला शिकवणाऱ्यांची शाळा

१९२६ साली कॅन्सस राज्यातल्या रॉक्सबरी या खेड्यातला वीस वर्षांचा वेंडेल जॉन्सन आयोवा विद्यापीठात दाखल झाला. पदवी हवी होतीच, पण खरी ओढ वेगळी होती. शब्द त्याच्या ओठांशी येऊन अडायचे. तोतरेपणा घालवून देतो म्हणणाऱ्या एका खासगी शाळेत तो आधी राहून आला होता. उपयोग झाला नव्हता. आयोवात या विषयावर शास्त्रीय काम चालतं, असं कळल्यावर तो तिथे गेला. पाच वर्षांनी याच रुग्णाने त्याच विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि पुढे तिथल्याच वाचा-चिकित्सालयाची सूत्रं हाती घेतली.

स्पीच थेरपिस्ट घडवणाऱ्या विद्यापीठीय शिक्षणाचा उगम शोधताना आयोवा सिटीला टाळून पुढे जाता येत नाही. अर्थात, सुरुवात तिथेच झाली असं मात्र नाही. शिकागोच्या सरकारी शाळांनी १९१० मध्ये मुलांचे वाचादोष सुधारण्यासाठी दहा शिक्षिका नेमल्या होत्या. विस्कॉन्सिन विद्यापीठात स्माइली ब्लँटन या डॉक्टरांनी १९१४ मध्ये चिकित्सालय उघडलं आणि तिथेच १९२१ मध्ये सारा स्टिंचफील्ड यांना या विषयातली पहिली डॉक्टरेट मिळाली. आयोवाने त्यात भर घातली ती शिक्षणाच्या आराखड्याची.

तो आराखडा कार्ल सीशोर यांचा. स्वीडनमध्ये जन्मलेले सीशोर मानसशास्त्रज्ञ होते आणि पदव्युत्तर महाविद्यालयाचे डीनही. संगीताची जाण मोजणाऱ्या त्यांच्या चाचण्या १९१९ मध्ये ध्वनिमुद्रिकांवर निघाल्या होत्या. बोलण्यातला बिघाड कोणा एका खात्याच्या मालकीचा नाही, हे त्यांनी हेरलं. घसा आणि कान डॉक्टरांकडे, मेंदू मज्जातज्ज्ञांकडे, ध्वनी भौतिकशास्त्राकडे, उच्चार भाषाशास्त्राकडे, भीती मानसशास्त्राकडे. आणि बोलता न येणारा माणूस मात्र या सगळ्यांच्या मधल्या बोळात उभा. म्हणून सीशोर यांनी ली एडवर्ड ट्रॅव्हिस हा एक हुशार विद्यार्थी निवडला आणि त्याला या सगळ्या खात्यांमधून फिरवून तयार केलं. ट्रॅव्हिस यांना १९२४ मध्ये डॉक्टरेट मिळाली. १९२५ मध्ये आयोवा सिटीतल्या त्यांच्या घरी झालेल्या चर्चेतून एक संघटना काढायचं ठरलं. त्याच डिसेंबरमध्ये न्यू यॉर्कला पंचवीस सभासदांनिशी ती स्थापन झाली. अनेक नामांतरांनंतर आज तीच अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन, म्हणजे ‘आशा’, या नावाने चालते.

या पहिल्या पिढीत एक विलक्षण गोष्ट होती. शिकायला आलेल्यांपैकी अनेक जण स्वतःच तोतरे होते. जॉन्सन होते, मिशिगनहून आलेले चार्ल्स व्हॅन रायपर होते. विद्यार्थी, रुग्ण आणि प्रयोगाचं साधन, तिन्ही भूमिका एकाच माणसाकडे. मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्यावर पुरेसा वरचढ नसला की बोलणं अडखळतं, असा ट्रॅव्हिस आणि त्यांचे सहकारी सॅम्युएल ऑर्टन यांचा सिद्धांत होता. तो पडताळण्यासाठी उजव्या हातांना प्लास्टर घालून माणसांना डावखुरं करण्याचे प्रयोग झाले. जॉन्सनही डावखुरे व्हायचा प्रयत्न करत राहिले. तोतरेपणा गेला नाही.

प्लास्टर गेलं, पण दुसरी एक रीत टिकली. अडखळण्यापेक्षा अडखळण्याची भीती माणसाला जास्त छळते, हे लक्षात आल्यावर मुद्दाम, सगळ्यांसमोर तोतरं बोलण्याचा अभ्यास सुरू झाला. ज्यांचं बोलणं सरळ होतं अशा विद्यार्थ्यांनाही दुकानात जाऊन, अनोळखी माणसासमोर मुद्दाम अडखळून यायला सांगत. समोरच्याची नजर कशी बदलते, तो वाक्य कसं परस्पर पुरं करून टाकतो, हे पुस्तकातून कळत नाही. अमेरिकेतल्या अनेक अभ्यासक्रमांत हा गृहपाठ आजही दिला जातो. व्हॅन रायपर १९३६ मध्ये कॅलामाझूला गेले, तिथे त्यांनी चिकित्सालय उभारलं आणि १९३९ मध्ये लिहिलेलं त्यांचं ‘स्पीच करेक्शन’ हे पाठ्यपुस्तक कित्येक पिढ्यांनी वापरलं.

त्याच १९३९ सालात आयोवातल्या पद्धतीची काळी बाजूही नोंदली गेली. मुलाच्या साध्या अडखळण्याला मोठ्यांनी ‘तोतरेपणा’ म्हणायला सुरुवात केली की तोतरेपणा जन्मतो, असा जॉन्सन यांचा कयास होता. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातली बावीस मुलं प्रबंधासाठी निवडली. त्यांतल्या व्यवस्थित बोलणाऱ्या सहा मुलांना ‘तुमचं बोलणं बिघडलं आहे, अडखळत असाल तर बोलूच नका’ अशा अर्थाचं महिनोन्‌महिने ऐकवलं गेलं. मुलं तोतरी झाली नाहीत. पण काही जण बुजली, बोलायचं टाळू लागली. प्रबंध कुठल्याही नियतकालिकात छापला गेला नाही, ग्रंथालयात पडून राहिला. २००१ मध्ये एका वृत्तपत्राने तो उजेडात आणल्यावर विद्यापीठाने माफी मागितली आणि २००७ मध्ये आयोवा राज्याने ९,२५,००० डॉलरची भरपाई मान्य केली.

शिकाऊ माणसाच्या हाती रुग्ण द्यायचा, पण किती आणि कोणाच्या नजरेखाली, हा प्रश्न या शिक्षणाचा कणा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तो अधिकच तातडीचा झाला. मेंदूला मार बसून वाचा गेलेले आणि तोफांच्या आवाजाने कान गेलेले सैनिक परतले तेव्हा नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रेमंड कारहार्ट यांनी श्रवणशास्त्राची घडी बसवली. १९४७ मध्ये संघटनेच्या नावातही ‘हिअरिंग’ आलं. मागणी वाढली तसे नियम आले. आज अमेरिकेत स्पीच थेरपिस्टला ‘आशा’च्या प्रमाणपत्रासाठी पदव्युत्तर पदवी आणि ४०० तासांचा प्रात्यक्षिक अनुभव लागतो. त्यातले २५ तास नुसतं निरीक्षण, उरलेले ३७५ तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांबरोबर.

या अमेरिकी परंपरेची एक फांदी भारतात म्हैसूरला रुजली. कॅन्ससमधल्या विचिटा इथे मार्टिन पामर यांनी १९३४ मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ लोगोपेडिक्स’ सुरू केली होती. भारतात अशी संस्था काढण्याच्या विचारविनिमयात पामर यांचा सल्ला घेतला गेला आणि ऑगस्ट १९६५ मध्ये म्हैसूरला संस्था निघाली तेव्हा तिचं नावही तेच ठेवलं गेलं. पुढच्याच वर्षी ती ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग’ झाली. पदव्युत्तर वर्ग आधी सुरू झाला, बी.एस्सी. नंतर: शिकवणारे आधी घडवायचे तर क्रम उलटा ठेवणं भागच होतं.

१९६६ मध्येच मुंबई सेंट्रलजवळच्या नायर रुग्णालयात, टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेला वाचोपचाराचा अभ्यासक्रम सुरू झाला. इथला वर्ग महापालिकेच्या रुग्णालयात होता, त्यामुळे नाक-कान-घशाच्या ओपीडीतली गर्दीच विद्यार्थ्यांचं चिकित्सालय ठरली: दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झालेलं मूल, पक्षाघाताने वाचा गेलेला कामगार, उशिरापर्यंत न बोलणारी मुलगी. १९८३ मध्ये वांद्रे रेक्लमेशनला केंद्र सरकारची अली यावर जंग संस्था आली. महाराष्ट्राचे राज्यपाल असताना १९७६ मध्ये निधन पावलेल्या अली यावर जंग यांचं नाव तिला दिलं आहे. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वसन परिषदेला वैधानिक अधिकार मिळाले आणि या अभ्यासक्रमांची मान्यता आणि उत्तीर्णांची नोंदणी तिच्याकडे गेली.

अमेरिकेत श्रवण आणि वाचा यांच्या वाटा पुढे वेगळ्या झाल्या. श्रवणतज्ज्ञासाठी तिथे आता स्वतंत्र डॉक्टरेट लागते. भारतात दोन्ही एकाच पदवीत राहिल्या. बीएएसएलपी, म्हणजे बॅचलर ऑफ ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी, हा चार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. जिल्ह्याच्या गावी कान तपासायला एक आणि बोलणं शिकवायला दुसरा, अशी दोन माणसं मिळण्याची शक्यता कमी असल्याने ही जोडी इथे सोयीची पडली.

साधनं मात्र आयती मिळणार नव्हती. उच्चार तपासायच्या इंग्रजी चित्रचाचण्यांत ‘ळ’ नाही, ‘भ’ आणि ‘ढ’ नाहीत. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतल्या दोन निराळ्या ‘च’चा तिथे प्रश्नच येत नाही. घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलणाऱ्या मुंबईच्या मुलाला कोणत्या भाषेत मागे पडलं म्हणायचं, हेही आयोवाच्या पुस्तकांत नव्हतं. त्यामुळे भारतीय भाषांतल्या चाचण्या बांधणं आणि कोणत्या वयात कोणता ध्वनी येतो याची नोंद करणं हा इथल्या पदव्युत्तर प्रबंधांचा मोठा भाग होऊन बसला, आणि विद्यार्थ्यांना रुग्ण हाताळण्याआधी त्याची भाषा नीट ऐकायला बसावं लागलं.