रशियाला गोड, लंडनला ड्राय

जुलै २०१० मध्ये फिनलंडच्या ऑलंड बेटांजवळ, बाल्टिक समुद्रात सुमारे ५० मीटर खोल, पाणबुड्यांना एक बुडालेलं जहाज सापडलं. त्यात शॅम्पेनच्या १६८ बाटल्या होत्या, जवळपास १७० वर्षं थंडीत आणि अंधारात पडून राहिलेल्या. काहींच्या बुचांवर व्हव क्लिको या घराण्याची खूण होती. चाखणाऱ्यांनी आधी नाकच मुरडलं: चीज, ओले केस, जनावराचा वास. ग्लास हलवून थोडी हवा लागू दिल्यावर मात्र धूर, मसाले आणि कातडं जाणवू लागलं. साखर निघाली लिटरमागे सुमारे १५० ग्रॅम. आजच्या ब्रूट, म्हणजे कमी गोड, शॅम्पेनमध्ये ती १२ ग्रॅमच्या वर चालत नाही.

तरीही त्या काळच्या रशियन गिऱ्हाइकाला ही शॅम्पेन मिळमिळीतच वाटली असती. तिकडे ३०० ग्रॅमपर्यंत साखर खपत असे. म्हणूनच हा माल रशियाला नव्हे, जर्मन मुलखात निघाला असावा, असा संशोधकांचा कयास आहे.

आज ज्याला आपण घराण्याची चव म्हणतो, ती अशी गिऱ्हाइकाच्या जिभेवर घडत गेली. १८०५ मध्ये वैधव्य आलेल्या बार्ब-निकोल क्लिकोने नवऱ्याचा धंदा हाती घेतला. १८११ मध्ये आकाशात मोठा धूमकेतू दिसला आणि द्राक्षंही उत्तम पिकली. ती ‘धूमकेतूची वाइन’ १८१४ मध्ये, नेपोलियनची युद्धं आटोपत असतानाच, तिने रशियाकडे रवाना केली. दुसरी विधवा लुईझ पोम्री. तिने लंडनकडे पाहिलं. इंग्रजांकडे जेवणानंतरच्या गोड वाइनची कमतरता नव्हती; शॅम्पेन त्यांना ड्राय हवी होती. पोम्रीने १८७४ च्या पिकातून जवळजवळ बिनसाखरेची शॅम्पेन काढली. यात धोका होता. आंबट, कच्च्या द्राक्षांचे दोष साखर झाकते. साखर काढली की द्राक्ष पूर्ण पिकलेलं हवं आणि तळघरात वाट पाहण्याची तयारीही हवी.

मग साहजिकच वर्षाला महत्त्व आलं. साधी शॅम्पेन वेगवेगळ्या वर्षांच्या वाइन मिसळून होते, म्हणजे घराण्याची चव दरवर्षी तीच राहते. विंटेज बाटलीत एकाच वर्षाचं पीक. नियमानुसार ती किमान तीन वर्षं तळघरात ठेवावी लागते आणि वर्षाच्या पिकातला जास्तीत जास्त ८० टक्के भागच विंटेज म्हणून विकता येतो. सालों या घराण्याचा हट्ट तर आणखी टोकाचा: एकच गाव, ल मेनिल, एकच द्राक्ष, शार्दोने, आणि विसाव्या शतकात उणीपुरी ३७ विंटेज. उलट क्रुग आणि बोलँजे ही घराणी ओकच्या पिंपांत वाइन आंबवतात, त्यामुळे तिला अंग येतं. सालोंचे चाहते क्रुगला जड म्हणतात, क्रुगचे चाहते सालोंला कडक. दोघंही खरं बोलतात. फक्त सालों लवकर उघडणाऱ्याने तक्रार करू नये.

घराण्याची चव आणि वर्षाचा स्वभाव यांची खरी झटापट झाली २००३ मध्ये. एप्रिलच्या हिमतुषारांनी शार्दोनेचे कोंब जाळले, ऑगस्टच्या उष्म्याने द्राक्षं इतकी लवकर पिकवली की तोडणी त्याच महिन्यात सुरू झाली. आंबटपणा कमी, गर भरपूर. सालोंने विंटेज काढलीच नाही. बोलँजेने काढली, पण आपल्या नेहमीच्या ‘ग्रांद आने’ या नावाने नव्हे. वेगळ्या लेबलवर, ‘२००३ बाय बोलँजे’ म्हणून. दों पेरिन्यों या ब्रँडने मात्र आपल्याच नावाने ती बाजारात आणली. ताज्या, लिंबाळ शॅम्पेनच्या शौकिनांना ती अजूनही पटत नाही. भारदस्त चव आवडणारे तीच बाटली मुद्दाम शोधतात.