जुन्या मालाची साक्ष

'जुनें तें सोनें' ही म्हण आपण सर्वच उच्चारतों. परंतु जुनें विकावयास निघालेल्या गृहस्थास ती बाजारांत फारशी उपयोगी पडत नाहीं. तेथें त्याला प्रथम दोन प्रश्न विचारले जातात: ही वस्तु खरोखर तुमची आहे काय, आणि ती खरोखर तुम्ही म्हणतां तीच आहे काय? अलीकडे सुखवस्तु घरांतून वापरलेल्या उंची वस्तु, म्हणजे परदेशी नांवांच्या हातपिशव्या, घड्याळें, पादत्राणें, नामांकित कारागिरांचे लग्नाचे पोशाख, इंटरनेटवरील बाजारांत विकण्याची व विकत घेण्याची रीत पडत चालली आहे. तिला कोणी पर्यावरणाची सेवा म्हणतात, कोणी हौसेची काटकसर म्हणतात. आम्हांस येथें तिची स्तुति वा निंदा करावयाची नाहीं. वरील दोन प्रश्नांचीं उत्तरें पूर्वी कोण देत असे आणि आज कोण देतो, एवढेंच पाहावयाचें आहे. त्यासाठीं आम्ही भिवंडी हें गांव निवडलें. कारण ह्या गांवाचा अर्वाचीन उद्योग दुसऱ्यांनीं टाकलेल्या वस्तूंवर उभा राहिला.

प्रश्न मात्र फार जुने आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत बाजारावर देखरेख करणाऱ्या 'संस्थाध्यक्षा'चीं कर्तव्यें सांगतांना आरंभींच असें म्हटलें आहे कीं, जुन्या मालाची विक्री अथवा गहाणवट त्याची मालकी शुद्ध ठरेल तेव्हांच होऊं द्यावी. तराजू व मापें तपासण्याची गोष्ट त्यानंतर येते. स्मृतिकारांनींही 'अस्वामिविक्रय', म्हणजे मालक नसलेल्यानें केलेली विक्री, हें अठरा व्यवहारपदांपैकीं एक स्वतंत्र पद मानलें. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याचें सामान्य तत्त्वही हेंच आहे: विकणाऱ्याजवळ जेवढा हक्क असेल त्याहून अधिक हक्क, कांहीं अपवाद सोडले तर, घेणाऱ्यास मिळत नाहीं. ह्या सावधगिरीचें कारण उघड आहे. नव्या मालामागें त्याचा कर्ता उभा असतो. जुन्या मालामागें केवळ हातांची एक सांखळी असते, आणि तिचा एक दुवा जरी काळोखांत असला तरी साऱ्या मालावर शंकेची छाया पडते. मुंबईच्या भेंडीबाजाराजवळ जुन्या वस्तूंची जी प्रसिद्ध पेठ आहे, तिला लोकांनीं 'चोरबाजार' असेंच नांव दिलें. तेथील सारे दुकानदार चोर आहेत असा त्याचा अर्थ नव्हे. घेणाऱ्याच्या मनांतील शंका मात्र त्या नांवांत कायमची गोठली आहे.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस ह्या व्यापाराची जी पहिली ओळख झाली असेल, ती बोहारणीच्या रूपानें. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि काखेंत जुन्या कपड्यांचें गाठोडें घेऊन ती दारीं येई. गृहिणी एक विटकें लुगडें आणि दोन सदरे पुढें टाकी. बोहारीण प्रत्येक कपडा उजेडाकडे धरी, विरलेली जागा बोटानें दाखवी, पातेलें उचलून पुन्हां पाटींत ठेवी, आणि अखेर आणखी एक सदरा पदरांत पाडून घेऊन तें पातेलें हवालीं करी. ह्या सौद्यांत पैसा नव्हता, पावती नव्हती. मालकीची साक्ष घराचा उंबरठाच देई. मालाची साक्ष तिचा सरावलेला डोळा देई. पुढच्या महिन्यांत तिला त्याच आळींत यावयाचें असे, आणि घरधनिणीलाही त्याच दारांत उभें राहावयाचें असे. म्हणून फसवणुकीस दोन्हीं बाजूंनीं एक मर्यादा होती. गाठोड्यांतले कपडे पुढें धुऊन, सांधून बाजारांत येत आणि मजुरांच्या अंगावर आणखी दोन-चार वर्षें काढीत.

जरीच्या वस्त्राची गोष्ट निराळी. जुन्या शालूचा किंवा पैठणीचा पदर विरला म्हणजे जर विकत घेणारा येई. ती जर जाळून तींतील चांदी काढली जाई. तेथें साक्षीदार म्हणजे तराजू व कसोटीचा दगड. हे साक्षीदार खोटें बोलत नसत हें खरें. परंतु त्यांस बोलतां फार थोडें येई. कोणत्या विणकरानें किती महिने बसून तो मोर विणला होता, हें तराजूला सांगतां येत नाहीं. म्हणून चांदीचे दाम पदरीं पडत आणि विणकाम राख होऊन जाई. अशा प्रकारें किती सुंदर वस्त्रें आपल्याच घरांतून नाहींशीं झालीं, ह्याचा विचार मनांत आला म्हणजे खंत वाटल्यावांचून राहत नाहीं. आतां जुनी पैठणी अखंड मिळावी म्हणून गिऱ्हाईक शोधीत येतें; पण ती मोडीत काढणारे हात आपलेच होते.

आतां भिवंडीकडे वळूं. कामवारी नदीच्या कांठीं वसलेलें हें गांव कल्याणच्या जोडीनें बंदराच्या व्यापारावर वाढलें. मोंगल अमदानींत त्यास इस्लामाबाद म्हणत; १६५७ मध्यें शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली, आणि मराठ्यांच्या आरमाराच्या पहिल्या गलबतांचा संबंध ह्याच खाडीशीं जोडला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उत्तर हिंदुस्थानांतून आलेले मोमीन विणकर येथें स्थायिक झाले आणि हातमागाचा खटखटाट सुरू झाला. इकडे मुंबईंत कावसजी नानाभाई दावर ह्यांनीं १८५४ मध्यें स्थापिलेली कापसाची गिरणी १८५६ मध्यें चालूं झाली, आणि पुढील अर्धशतकांत गिरण्यांचें एक नगरच उभें राहिलें. यंत्रशक्तीवर चालणारा माग खाजगी घरांत आणण्याचा मान महाराष्ट्रांत इचलकरंजीस दिला जातो. तेथें १९०४ मध्यें विठ्ठलराव दातार ह्यांनीं पहिला यंत्रमाग बसविला. भिवंडींत वीज आल्यावर तेथील विणकरांनींही तोच मार्ग धरला. मात्र नवा माग विकत घेण्याचें सामर्थ्य त्यांच्यापैकीं फार थोड्यांजवळ होतें. मुंबईच्या गिरण्या जे साचे जुने झाले म्हणून काढून टाकीत, ते त्यांनीं उचलले. विलायतेंत घडलेला, मुंबईंत दोन पिढ्या राबलेला साचा अशा रीतीनें भिवंडीच्या पत्र्याच्या छपराखालीं तिसरा जन्म घेई.

ह्या खरेदींत साक्षीदार कोण? येथें नांवाला किंमत नव्हती. ओतीव लोखंडावर कर्त्याचें नांव कोरलेलें असे, पण तेवढ्यावरून कोणी दाम मोजीत नसे. साचा जोडून फिरविला जाई आणि जाणता जॉबर कान देऊन धोट्याचा आवाज ऐके. कोणता दांता झिजला आहे, कोणता भाग बदलावा लागेल, हें तो त्या आवाजावरून सांगे. दिवसाला किती वार कापड निघेल ह्या एका हिशेबावर सारी किंमत ठरे. जुन्या वस्तूची इतकी प्रामाणिक परीक्षा दुसरीकडे क्वचितच होत असेल. कारण ती पाहण्याची वस्तु नव्हती, पोट भरण्याची होती. परीक्षा चुकली तर त्या घरची चूल विझे.

पुढें सरकारी धोरणाचा वारा ह्या उद्योगास अनुकूल वाहूं लागला. १९५४ मध्यें कानुनगो समितीनें हातमागांचें हळूहळू यंत्रमागांत रूपांतर व्हावें अशी शिफारस केली. १९५६ च्या धोरणानें गिरण्यांच्या मागांची वाढ रोखली. १९४८ चा कारखान्यांचा कायदा त्या काळीं विजेवर चालणाऱ्या जागीं दहा कामगार असले म्हणजे लागूं पडत असे. म्हणून पुष्कळांनीं आपले माग लहान लहान छपरांत वांटून ठेवले. स्वस्ताईचें एक कारण जुना साचा हें होतें, आणि दुसरें कारण कायद्याच्या छत्राबाहेर उभा असलेला मजूर हें होतें, ही गोष्ट ह्या गांवाचें कौतुक करतांना विसरतां कामा नये.

१८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईंत सुमारें अडीच लक्ष गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या काळांत आणि त्यानंतरही कांहीं गिरण्यांनीं आपलें कापड भिवंडीच्या मागांवर विणून घेतलें व त्यावर आपला शिक्का मारून तें बाजारांत पाठविलें. शिक्क्याकडे पाहून कापड घेणाऱ्या कुटुंबास तें गिरणीचें वाटे. तें विणलेलें असे गिरणीनेंच कधींकाळीं टाकून दिलेल्या जातीच्या साच्यावर, आणि विणणाऱ्यास गिरणीतील मजुरी मिळत नसे. हें कापड खरें कीं खोटें? शिक्का मारण्याचा हक्क गिरणीचा होता, म्हणून कायद्याच्या दृष्टीनें तें खरेंच. तरी नांव एकाचें व हात दुसऱ्याचे, हा जो आजच्या उंची मालाचा मोठा प्रश्न आहे, तो भिवंडीनें चाळीस वर्षांपूर्वींच पाहिला आहे.

इंटरनेटवरील जुन्या मालाचा बाजार १९९५ मध्यें अमेरिकेंत इबेनें सुरू केला असें म्हणण्यास हरकत नाहीं. परक्या माणसानें परक्यास पैसे पाठवावे कसे, ह्या अडचणीवर त्या मंडळींनीं प्रत्येक सौद्यानंतर एकमेकांविषयीं अभिप्राय नोंदविण्याची युक्ति काढली. म्हणजे बोहारणीच्या आळीचें काम अनोळखी जमावावर सोंपविलें. मुंबईंत २००० सालीं निघालेला बाझी नांवाचा असाच बाजार इबेनें २००४ मध्यें विकत घेतला. चमच्यावाटीस अभिप्राय पुरतो. लाख रुपयांच्या हातपिशवीस पुरत नाहीं. २००८ मध्यें पॅरिसच्या व्यापारी न्यायालयानें लुई व्हिताँच्या मालक समूहाच्या बाजूनें व इबेच्या विरुद्ध निकाल दिला. उलट २०१० मध्यें न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयानें टिफनीच्या दाव्यांत, ट्रेडमार्कभंगाच्या प्रश्नापुरतें, इबेस दोषी धरलें नाहीं. बाजारचालक हा साक्षीदार कीं केवळ जागेचा मालक, ह्यावर दोन देशांतील न्यायाधीशांचें असें मतांतर झालें. दरम्यान पॅरिसमध्यें २००९ सालीं व्हेस्तिएर कलेक्टिव्ह व अमेरिकेंत २०११ सालीं द रिअलरिअल ह्या संस्था निघाल्या. वस्तु पारखून देणें हेंच त्यांनीं आपलें भांडवल केलें. पण २०१८ मध्यें शनेल कंपनीनें द रिअलरिअलवरच बनावट माल विकल्याचा दावा लावला. पारखणाऱ्यास पारखावें कोणी, हा प्रश्न पुन्हां उभा राहिला.

आपल्याकडे २०२० च्या ग्राहकसंरक्षण नियमांप्रमाणें अशा बाजारांनीं विक्रेत्यांची माहिती दाखविली पाहिजे व तक्रारी ऐकणारा अधिकारी नेमला पाहिजे. परंतु धंदा म्हणून नव्हे, तर आपली घरची वस्तु क्वचित् विकणारी व्यक्ति त्या नियमांच्या कक्षेबाहेर आहे. तेव्हां आपल्या वाचकांपैकीं एखाद्या भगिनीनें कपाटांतील पैठणी परस्पर विकली, किंवा तशीच एखादीकडून घेतली, तर त्या सौद्याचा भार बऱ्याच अंशीं पूर्वींप्रमाणेंच उभयतांच्या खरेपणावर राहतो. मूळ पावती जपून ठेवणें, दोष न लपवितां सांगणें, आणि नांवाच्या मोहानें घाई न करणें, एवढाच त्यावर उपाय आहे. तोही कांहीं नवा नाहीं.

आणि भिवंडी? सुताचे वरखाली होणारे भाव, विजेचे दर, धोट्यावांचून चालणाऱ्या वेगवान मागांची स्पर्धा, २०१६ ची नोटबंदी, ह्या सर्वांनीं तिचे जुने साचे गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळसे भंगारांत गेले. ज्या साच्याची किंमत जॉबर कानानें ठरवीत असे, तो आतां किलोच्या भावानें तोलला जातो, जरीसारखाच. दुसरीकडे काल्हेर, पूर्णा, राहनाळ, मानकोली ह्या आसपासच्या गांवांतून गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. मुंबईची जकात चुकविण्याच्या सोयीनें त्या प्रथम वाढल्या. २०१७ मध्यें जकात गेली तरी महामार्ग व बंदराची जवळीक राहिली, आणि इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या मालाचें तें एक मोठें आगर झालें. मुंबईंत फिनिक्स गिरणीच्या आवारांत आज परदेशी नांवांचीं भपकेबाज दुकानें आहेत. विणणारे साचे लोखंडाच्या मोलानें जातात, आणि विणणाऱ्याचें नांव कोठेंही नसलेली पिशवी एका धातूच्या अक्षराच्या जोरावर दुसऱ्या, तिसऱ्या हातीं तेवढाच भाव खाते.

ह्यावरून नांवाची किंमत खोटी असा निष्कर्ष आम्ही काढीत नाहीं. नांव ही देखील एक साक्ष आहे. पिढ्यान् पिढ्या चांगलें काम केल्यावांचून ती मिळत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जुनी वस्तु हातीं घेतांना तिच्या नांवाइतकीच तिच्या कामाचीही चौकशी व्हावी. बोहारणीचा डोळा आणि जॉबरचा कान ह्यांस आपण कधीं विद्या मानलें नाहीं, म्हणून त्यांची नोंद कोणी ठेविली नाहीं. आज ती पारख प्रमाणपत्राच्या रूपानें दाम मोजून घ्यावी लागते. भिवंडींत अद्याप असे जॉबर आहेत, ज्यांना साच्याचा आवाज कळतो. शेवटचा साचा भंगारांत जाण्यापूर्वीं त्यांचें तें ज्ञान कोणीतरी बसून लिहून घेईल, तर पदराबरोबर विणकाम जाळण्याची आपली जुनी चूक एकदां तरी टळेल.