ताडपत्रीखालचा इतिहास: जुनी फियाट शोधताना आणि विकत घेताना

१/ अंबरनाथ पश्चिमेला विम्को नाक्याच्या आसपास किंवा ऑर्डनन्स फॅक्टरीच्या परिसरात फिरताना एखाद्या आवारात ताडपत्रीखाली विसावलेली जुनी गाडी दिसली, की इतिहासप्रेमी मनुष्य थबकतोच. ‘ही विकत घेऊन पुन्हा रस्त्यावर आणता येईल का?’ हा मोह रास्त आहे. परंतु त्याआधी ती गाडी वाचता यायला हवी. आजचा धागा त्या वाचनाविषयी. 🧵

२/ आपल्या भागात अशी गाडी बहुधा फियाट किंवा पद्मिनीच निघते. कारण साधे आहे: तिचे जन्मस्थान लोकलच्या त्याच मार्गावर आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कारखाना उभा राहिला कुर्ल्याला. आरंभी क्रायस्लरशी करार झाला. डॉज, प्लिमथ, डीसोटो ही नावे त्या काळातली.

३/ त्यापूर्वीही मुंबईत मोटारी तयार होत, पण केवळ जोडणीपुरत्या. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीला परदेशी सुटे भाग जोडत असे. स्वातंत्र्यानंतर शासनाने भूमिका घेतली की ज्यांची देशातच उत्पादन करण्याची तयारी आहे, त्यांनीच येथे राहावे. १९५० च्या दशकात परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला आणि कुर्ल्याचे महत्त्व वाढले.

४/ १९५४ मध्ये आली फियाट ११००. इटालियन भाषेत ‘मिलेचेंतो’ म्हणजे अकराशे. आपल्या लोकांनी तिच्या नाकाडाकडे पाहून तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले आणि तेच नाव टिकले! तिचे पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले, म्हणजे आजच्या उलट उघडणारे. एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट ही तिच्या पुढच्या अवतारांची नावे.

५/ १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली. मूळ इटालियन ११००-डी चे उत्पादन तिकडे १९६६ मध्ये थांबले. कुर्ल्यात मात्र तोच साचा पुढे तीन दशकांहून अधिक काळ चालला. १९७२ मध्ये गाडीचे नाव ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाले, तर १९७४ मध्ये चितोडच्या राणीवरून ‘पद्मिनी’. नाव बदलले, १,०८९ सीसीचे इंजिन तेच राहिले.

६/ तेव्हाच्या मध्यमवर्गासाठी मोटार किती दूरची गोष्ट होती? लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी १२,००० रुपयांची फियाट घेतली. त्यासाठी ५,००० रुपयांचे कर्ज पंजाब नॅशनल बँकेकडून काढले. त्यांच्या निधनानंतर ते ललिता शास्त्री यांनी फेडले. प्रीमियरचा कुर्ल्यातील पत्ताही पुढे लाल बहादूर शास्त्री मार्ग असाच झाला!

७/ आता शोधाकडे वळू. जुनी गाडी हे ऐतिहासिक साधन आहे, आणि साधनाची चिकित्सा करावी लागते. ताम्रपट बनावट असू शकतो, तशी गाडीही. पहिला पुरावा चेसिस क्रमांक, दुसरा इंजिन क्रमांक, तिसरा आरसी बुक. तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत. विक्रेत्याने सांगितलेली कथा ही बखर समजावी. ऐकावी जरूर, विश्वास मात्र पडताळणीनंतर.

८/ नंबरपाटीही बोलते. एमएच-०५ ही कल्याण कार्यालयाची खूण; अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर त्याच्याच कक्षेत येतात. परंतु एमएच ही पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतर, १९८९ पासून रूढ झाली. त्याआधीच्या गाडीवर बीएम, एमआर किंवा एमएम यांनी सुरू होणारी अक्षरे असत. १९६५ च्या गाडीवर एमएच क्रमांक दिसला, तर तो कधी व का मिळाला हे विचारलेच पाहिजे.

९/ मग पत्रा. या फियाटला ट्रकसारखी वेगळी सांगाडा-चौकट नाही. शरीर हाच सांगाडा. म्हणून दाराखालच्या पट्ट्या व तळ गंजले, तर तो केवळ रूपाचा दोष राहत नाही, गाडीचा कणाच मोडलेला असतो. एक छोटे लोहचुंबक खिशात ठेवा. पत्र्यावर ते चिकटेल. जाड पुट्टीवर घसरेल.

१०/ आपल्या भागात ही तपासणी अधिक कडक हवी. २६ जुलै २००५ च्या महापुराने उल्हास आणि वालधुनीच्या काठावरील वस्त्यांना वेढले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेसच पुरात अडकली. त्या पाण्यात उभी राहिलेली गाडी आज रंगाने चकचकीत दिसू शकेल. गालिचा उचलून तळ पाहावा, आसनांच्या पट्ट्यांखालची गाळाची रेघ शोधावी.

११/ पुढचा प्रश्न अस्सलपणाचा. टॅक्सी म्हणून धावलेल्या अनेक गाड्यांत पुढे सीएनजी बसले, काहींत डिझेल इंजिन. पोटासाठी राबणाऱ्या चालकाचा तो शहाणपणाचा निर्णय होता. त्याला दोष देता येत नाही. पण आरसीवरील इंधन आणि प्रत्यक्षातील इंजिन वेगळे असेल, तर कागद दुरुस्त झाल्याखेरीज इसार देऊ नये.

१२/ अस्सलपणाला आता कायद्याचेही वजन आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या खासगी दुचाकी-चारचाकीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते. नियमांत नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे आहे. पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही.

१३/ अट आणखी एक: अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर उतरू शकते. रोज स्टेशनपर्यंत न्यायची असेल, तर व्हिंटेज पाटीचा मोह सोडावा आणि नेहमीच्या नोंदणीचे नूतनीकरण, योग्यता तपासणी, पर्यावरण कर हा मार्ग धरावा.

१४/ खर्चाचे गणित उलटे असते. ज्या गाडीची किंमत सर्वात कमी, ती बहुधा सर्वात महाग पडते. इंजिन उघडून बसवणारे मिस्त्री अजून आहेत. पण काच, दारांच्या पट्ट्या, डॅशबोर्ड, लोगो, दिवे यांसारख्या लहान वस्तू मिळता मिळत नाहीत. म्हणून चालू पण अपुऱ्या गाडीपेक्षा बंद पण परिपूर्ण गाडी घ्यावी. हरवलेले पान नव्याने लिहिता येत नाही.

१५/ सुट्या भागांचा शोध अखेर कुर्ल्यालाच नेतो. सीएसटी रोडच्या भंगार बाजारात कितीतरी गाड्यांचे अवयव विकले गेले. ज्या उपनगरात गाडी जन्मली, तिथेच ती सुटी झाली! तिच्याच मोडलेल्या बहिणींमुळे तुमची गाडी उभी राहते, हे विसरू नये.

१६/ मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी ताडदेव येथे २९ ऑक्टोबर २००३ रोजी टॅक्सी म्हणून नोंदवली गेली. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी शहराच्या रस्त्यांवरून अधिकृतरीत्या निघून गेली. जी वस्तू कालपर्यंत सर्वत्र होती, तीच सर्वात वेगाने नाहीशी होते. राजेमहाराजांच्या रोल्स-रॉइस जपणारे पुष्कळ मिळतील. सामान्यांच्या गाडीला वाली कोण?

१७/ म्हणून गाडी घेतलीच, तर पाना हाती धरण्याआधी कॅमेरा धरा. प्रत्येक थराचे छायाचित्र, प्रत्येक बदललेल्या भागाची नोंद, काढलेला जुना भाग चिठ्ठी लावून पेटीत. जुन्या रंगाचा एक छोटा तुकडा न खरवडता ठेवा. पूर्वीच्या मालकाशी बोला, त्याच्या आठवणी लिहून घ्या. एवढे केले नाही, तर उरते ती फक्त नवी दिसणारी जुनी गाडी.

१८/ आणि कागद जुळले नाहीत, तर मन घट्ट करून परत फिरा. तिचे छायाचित्र घ्या, क्रमांक टिपून ठेवा. तीही इतिहासाची सेवाच आहे. तुमच्या घरच्या अल्बममध्ये फियाटसमोर उभे असलेले आजी-आजोबा असतील, तर त्या फोटोत नंबरपाटी दिसते का पाहा. दिसली, तर तिची पहिली अक्षरे खाली लिहा. गाडी कोणत्या काळातली, ते मिळून वाचू.