पऱ्हाटीतली साखर

आठवडाभर कोड लिहून झाला की शनिवार-रविवारी मी काहीतरी भलतंच वाचत बसतो. या वेळचा विषय पऱ्हाटी. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो: कापूस वेचून झाल्यावर शेतात जे वाळकं झाड उरतं, ती पऱ्हाटी. बीड जिल्ह्यात गेवराई-माजलगावकडे ती उपटायची, थोडी चुलीसाठी रचून ठेवायची आणि उरलेली पेटवून द्यायची, ही जुनी रीत. हेक्टरी साधारण २ ते ३ टन पऱ्हाटी निघते.

गंमत म्हणजे या काटक्यांत साखर आहे. आन्सेल्म पायेन नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३३ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर स्टार्चची साखर करणारं एन्झाइम शोधलं. पुढे १८३८ मध्ये त्यानेच झाडांच्या पेशींच्या भिंतीतून सेल्युलोज वेगळं काढलं. स्टार्च आणि सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या. फक्त कडी कडीला जोडायची तऱ्हा वेगळी. तेवढ्याने भाकरी आपल्याला पचते आणि पऱ्हाटी पचत नाही! बैलाला कडबा पचतो, तोही त्याच्या पोटातल्या जंतूंच्या कृपेने.

मग ही कडी तोडणार कोण? उत्तर सापडलं ते कापसामुळेच. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांकडे अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि पट्टे भराभर कुजू लागले. कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि तो खाणारी एक बुरशी तिथे मजेत वाढत होती. एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी तिचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. १९७७ मध्ये रीस यांच्या नावावरून तिचं नाव ट्रायकोडर्मा रीसी ठरलं. सुरुवातीचा प्रश्न होता, हिला थांबवायचं कसं? १९७३ च्या तेलसंकटानंतर प्रश्न उलटा झाला: हिला कामाला लावायचं कसं? आज अशाच बुरशींची एन्झाइमं जीन्स मऊ करायला आणि कपडे धुण्याच्या पावडरीत वापरतात.

आपल्याकडेही लोक गप्प बसले नव्हते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात पेनिसिलियम जातीच्या बुरशीपासून अशी एन्झाइमं मिळवण्यावर बरंच काम झालं. ऑगस्ट २०२२ मध्ये पानिपतला इंडियन ऑइलच्या इथेनॉल प्रकल्पाचं उद्घाटन झालं, त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राजचं. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, असं त्या वेळी सांगितलं गेलं.

मग पऱ्हाटीचं का नाही? एक तर तिच्यात लिग्निन भरपूर. हा लाकडाला टणक करणारा पदार्थ सेल्युलोजभोवती पहारा देतो, एन्झाइमला आत शिरू देत नाही. दुसरं म्हणजे पऱ्हाटी वजनाला हलकी आणि जागेला भारी. शेतातच बारीक तुकडे केले नाहीत, तर ट्रक हवाच वाहून नेतो.

पण मला खरा पेच तिसराच वाटतो. 'कचरा' हा शब्द कोणाचा? १९३० च्या दशकात साखर कारखाने वाढले तेव्हा मळीचं करायचं काय, ही डोकेदुखी होती. मग तिच्यापासून अल्कोहोल करायचं ठरलं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी १९४८ मध्ये कायदाही झाला. मळी निदान कारखान्याच्याच मालकीची होती. उसाच्या वाढ्याचं तसं नाही. बीडहून दिवाळीच्या सुमारास तोडीला जाणारी माणसं तेच वाढं बैलांना घालतात, मोळ्या विकून चार पैसे करतात. पऱ्हाटीचंही तेच. सिलिंडर परवडत नाही त्या घरात ती कचरा नसते, उद्याचा स्वयंपाक असतो. कारखान्याने ती उचलली, तर त्या घराला भाव मिळणार की फक्त रिकामी चूल?

म्हणून मला मुंबईच्या माटुंग्यातल्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं काम मोलाचं वाटतं. १९२४ मध्ये ही प्रयोगशाळा सुरू झाली ती धाग्याचा कस तपासायला. पुढे तिथे पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करायचं तंत्र आलं आणि पऱ्हाटीच्या तुकड्यांवर धिंगरी अळिंबी वाढवायचंही. धिंगरी लिग्निनही खाते, म्हणजे जे काम करायला इथेनॉलवाल्यांना आम्ल, वाफ आणि दाब लागतो, ते ती एका ओलसर खोलीत निवांत करते. उरलेला भुगा खत म्हणून शेतात जातो.

यातून बीडचं दारिद्र्य हटेल असं काही मी म्हणत नाही. शिवाय रानात पऱ्हाटी तशीच उभी ठेवणंही बरं नाही, गुलाबी बोंडअळी तिच्यात मुक्काम ठोकते. २०१७ च्या हंगामात तिने महाराष्ट्रात किती नुकसान केलं ते शेतकऱ्यांना विचारा. पऱ्हाटी शेतातून हलवायची तर आहेच. प्रश्न एवढाच, की ती ज्या गाडीत भरली जाईल, त्या गाडीचे पैसे कोणाच्या हातात पडतील?