पातळ थर वर्णलेखन आणि विषशोधनाचा इतिहास : एक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

विज्ञानाच्या इतिहासात मोठ्या सिद्धांतांना जे स्थान मिळते ते साध्या साधनांना क्वचितच मिळते. काचेची एक पट्टी, तिच्यावर पांढऱ्या भुकटीचा पाव मिलिमीटर जाडीचा थर, तळाशी थोडा विद्रावक आणि वर झाकण एवढ्या सामग्रीवर चालणारे पातळ थर वर्णलेखन, म्हणजेच थिन लेयर क्रोमॅटोग्राफी (टीएलसी), हे असेच एक उपेक्षित साधन होय. अन्नातील कीटकनाशकांचे अवशेष आणि बुरशीजन्य विषे शोधण्याच्या कामी या पद्धतीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोलाची कामगिरी बजावली. ही पद्धत कशी घडली, विषशोधनाकडे ती का वळली आणि तिच्या पुराव्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पद्धतीची जडणघडण :

वर्णलेखनाचा आरंभ रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांच्यापासून मानला जातो. पानांतील रंगद्रव्ये भुकटीने भरलेल्या नळीतून वाहू देऊन त्यांनी ती वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्यांत विभागली. वॉर्सा येथे १९०३ मध्ये त्यांनी या कामाची मांडणी केली आणि १९०६ मध्ये पद्धतीला 'क्रोमॅटोग्राफी' हे नाव दिले. मात्र पुढील सुमारे पंचवीस वर्षे या शोधाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

नळीतील भुकटी काचेवर पसरण्याची कल्पना खारकिव्ह येथील इझमाइलोव्ह आणि श्रायबर यांची. वनौषधींच्या अर्कांची झटपट तपासणी करता यावी यासाठी त्यांनी १९३८ मध्ये काचपट्टीवर ॲल्युमिनाचा थर दिला व त्यावर अर्काचा थेंब टाकून उमटणारी वर्तुळे अभ्यासली. पुढे १९५१ मध्ये अमेरिकेत किर्चनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी संत्रावर्गीय फळांतील सुगंधी द्रव्यांसाठी स्टार्चने चिकटवलेल्या सिलिकाच्या पट्ट्या वापरल्या. दरम्यान मार्टिन आणि सिंज यांच्या संशोधनातून कागदी वर्णलेखन रूढ झाले होते आणि त्या दोघांना १९५२ चे नोबेल पारितोषिकही मिळाले होते. त्यामुळे काचेवरील थराची निकड तेव्हा कोणाला भासली नाही.

हे चित्र जर्मन औषधशास्त्रज्ञ एगॉन श्टाल यांनी पालटले. त्यांचा पहिला लेख १९५६ चा. पण पद्धत पसरली ती १९५८ नंतर, जेव्हा ठरावीक कणाकाराचे सिलिका जेल आणि एकसारखा थर पसरणारे उपकरण बाजारात उपलब्ध झाले. त्यांचा हस्तग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कल्पना वीस वर्षे जुनी होती; नवे होते ते प्रमाणीकरण. एका प्रयोगशाळेतील ठिपका दुसऱ्या प्रयोगशाळेतही जवळपास त्याच उंचीवर दिसू लागला, तेव्हाच या युक्तीला पद्धतीची प्रतिष्ठा लाभली.

कीटकनाशकांचे अवशेष :

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी, बीएचसी आणि पाठोपाठ पॅराथिऑनसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके जगभर वापरात आली. त्यांचा धोका भारताने फार लवकर अनुभवला. केरळमध्ये १९५८ साली पॅराथिऑन मिसळलेले अन्न खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. कीटकनाशक आणि धान्य यांची एकत्र वाहतूक हे त्यामागील कारण होते. या दुर्घटनेच्या चौकशीतून जी विचारप्रक्रिया सुरू झाली, तिचा शेवट १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमात झाला. कायदा झाला की पुरावा लागतो, आणि पुरावा सर्वदूर मिळवायचा तर स्वस्त पद्धत लागते.

कीटकनाशके बहुधा रंगहीन असल्याने थरावर ती वेगळी झाली तरी डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून फवारा विक्रियाकारकांचा शोध हा या इतिहासाचा गाभा ठरतो. अमेरिकेत १९६३ च्या सुमारास कोवाक्स यांनी क्लोरिनयुक्त कीटकनाशकांसाठी सिल्व्हर नायट्रेटचा वापर रूढ केला. फवारलेली पट्टी जंबुपार प्रकाशात ठेवली असता कीटकनाशकाच्या जागी काळसर ठिपके उमटतात. गंधकयुक्त फॉस्फरस संयुगांसाठी पॅलेडियम क्लोराइड उपयोगी पडले. याहून मार्मिक युक्ती एन्झाइमांची होती. मज्जातंतूंच्या कार्याला आवश्यक असणारे कोलिनएस्टरेज हे एन्झाइम थरावर फवारून नंतर रंग देणारे द्रव्य फवारले, की सर्व पट्टी रंगते. मात्र जेथे कीटकनाशकाने एन्झाइम निकामी केले असेल तेथे पांढरा ठिपका राहतो. ज्या क्रियेने हे विष माणसाचा जीव घेते, तीच क्रिया येथे त्याचा माग दाखवते.

या कामात महाराष्ट्राचाही वाटा आहे. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील व्ही. बी. पाटील आणि एम. एस. शिंगारे यांनी १९९० च्या दशकात कार्बारिल व काही सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांसाठी नवे फवारा विक्रियाकारक सुचविणारे शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध केले. विषबाधेच्या प्रकरणांतील जैविक नमुन्यांची तपासणी हा त्यामागील हेतू होता. ज्या प्रदेशात कीटकनाशक शेतकऱ्याच्या घरात सहज हाताशी असते, तेथे हे संशोधन निव्वळ शैक्षणिक राहत नाही.

बुरशीचे विष :

इंग्लंडमध्ये १९६० साली एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. कारण कळेना म्हणून त्याला 'टर्की एक्स रोग' असे नाव पडले. शोध ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत आणि तिच्यावरील ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीपर्यंत पोहोचला. विषारी अर्क कागदी वर्णलेखनात एकाच निळ्या ठिपक्यासारखा दिसत होता. काचेवरील थरावर मात्र त्याचे घटक अलग झाले. काही जंबुपार प्रकाशात निळे चमकले, काही हिरवे. 'ब्लू' आणि 'ग्रीन' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून अफ्लाटॉक्सिन बी१, बी२, जी१ आणि जी२ ही नावे रूढ झाली. यकृताच्या कर्करोगाशी निगडित असलेल्या या विषांची नावेच वर्णलेखनाच्या पट्टीवर जन्मली, असे म्हणणे वावगे ठरू नये. त्याआधी विषाची परीक्षा बदकाच्या पिलांना खाऊ घालून करावी लागे. आता काही तासांत अंदाज येऊ लागला.

पश्चिम भारताला या विषाचा फटका १९७४ मध्ये बसला. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल जिल्ह्यांत अवकाळी पावसाने भिजलेला, बुरशी आलेला मका खाल्ल्याने यकृताचा विकार पसरून शंभराहून अधिक लोक मरण पावले. बळी पडलेले बहुतांशी गरीब आदिवासी होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी १९७५ मध्ये ही घटना जगापुढे मांडली. प्रगत देशात पक्ष्यांच्या मृत्यूने ज्या विषाचा शोध लागला, त्याच विषाने चौदा वर्षांनंतरही आपल्याकडे माणसे मरत होती. ज्ञान उपलब्ध होते. मक्याच्या कणगीपर्यंत ते पोहोचले नव्हते.

ठिपक्याची मर्यादा :

थरावरील ठिपका हा पुरावा कितपत ग्राह्य मानावा? पदार्थाने कापलेले अंतर आणि विद्रावकाने कापलेले अंतर यांचे गुणोत्तर हवेतील दमटपणा व थराची जाडी यांनुसार बदलते, आणि दोन भिन्न पदार्थ एकाच उंचीवर थांबू शकतात. म्हणूनच शुद्ध नमुना त्याच पट्टीवर शेजारी चालविण्याचा आणि दुसऱ्या विक्रियेने खात्री करून घेण्याचा दंडक निर्माण झाला. उदाहरणार्थ, सल्फ्यूरिक आम्ल फवारल्यावर अफ्लाटॉक्सिनची चमक पिवळी होते. तसे झाले नाही तर तो ठिपका अफ्लाटॉक्सिनचा नव्हे. झाले तरीही पूर्ण सिद्धता होत नाही. थोडक्यात, ही पद्धत संशय नाकारण्यास अधिक समर्थ आहे, सिद्ध करण्यास कमी. वायू वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापन यांनी पुढे निर्णायक पुराव्याची जागा घेतली ती यामुळेच.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, पातळ थर वर्णलेखनाचा प्रसार कल्पनेच्या नावीन्यापेक्षा प्रमाणीकरण आणि अल्प खर्च यांमुळे झाला. विषशोधनाकडे ती वळली ती अन्नातून झालेल्या दुर्घटना आणि त्यांतून आलेले कायदे यांच्या रेट्याने. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले. हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही, याची ही घटना साक्ष देते. महागडी उपकरणे मोठ्या शहरांत एकवटलेली असताना तालुक्याच्या महाविद्यालयातही होऊ शकणारी प्राथमिक चाळणी आजही अर्थपूर्ण आहे. आपल्या प्रयोगशाळांत विद्यार्थी शाईचे आणि पानांचे रंग वेगळे करतात व गुण मिळवतात. त्याच पट्टीवर शेजारच्या बाजारातील शेंगदाण्याचा अर्क काळजीपूर्वक, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, चालविला गेला, तर रसायनशास्त्राचे एक प्रात्यक्षिक समाजाच्या प्रश्नाशी जोडले जाईल. मात्र त्याच वेळी 'ठिपका म्हणजे निकाल नव्हे' हा या इतिहासाचा धडाही विद्यार्थ्यांना दिला गेला पाहिजे.