प्रत आणि परवाना

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात कादंबरीचे चित्रपटात होणारे रूपांतर शिकवताना मी एका प्रसंगावर टिपण दिले होते. ते माझ्याजवळच्या डीव्हीडीवरून केलेले होते. विद्यार्थ्यांनी तोच चित्रपट एका संकेतस्थळावर पाहिला. दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, तुम्ही लिहिलेला प्रसंग चित्रपटात नाहीच." तिचे पाहण्यात चुकले नव्हते आणि माझेही लिहिण्यात चुकले नव्हते. एकाच कृतीचे दोन पाठ आमच्यापुढे होते, आणि तिने पाहिलेला पाठ कोणता हे कुठेही नोंदलेले नव्हते.

घरी चित्रपट पाहण्यासाठी तबकडी घ्यावी की तो महाजालावरून उतरवून घ्यावा, याचा विचार आपण सहसा सोय, किंमत आणि चित्राचा दर्जा या तीन अंगांनी करतो. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र त्यात आपल्याच शास्त्रातला एक जुना प्रश्न दिसायला हवा : प्रत कोणती, आणि ती कोणाच्या हाती?

चित्रपटाच्या पहिल्या आठ दशकांत सामान्य प्रेक्षकाला हा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. चित्रपट पाहायचा असे, बाळगायचा नसे. प्रती निर्माते आणि वितरक यांच्याकडे असत. त्या नष्ट झाल्या की कृतीच नष्ट होई. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) आज कोठेही उपलब्ध नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांचा मोठा ठेवा जळाला. प्रती मोजक्या आणि एकाच ठिकाणी असल्या की एक ठिणगी पुरते.

ही स्थिती बदलली ती फितीमुळे. सोनीचे बीटामॅक्स १९७५ मध्ये आले, जेव्हीसीचे व्हीएचएस १९७६ मध्ये. घरी ध्वनिचित्रमुद्रण करणे हा स्वामित्वहक्काचा भंग आहे, असा दावा हॉलिवूडमधील कंपन्यांनी केला. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला. त्यानंतर तबकड्यांचे युग आले. व्हीसीडी १९९३ची, डीव्हीडी १९९६ची, ब्लू-रे २००६ची. आपल्याकडे २००६-०७ मध्ये मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा चित्रपटाची अधिकृत प्रत पुस्तकापेक्षाही स्वस्त झाली.

तबकडी विकत घेणाऱ्याला नेमके काय मिळत होते? याचे उत्तर एका कादंबरीच्या खटल्यात आहे. अमेरिकेतील बॉब्ज-मेरिल या प्रकाशनसंस्थेने ‘द कास्टअवे’ या कादंबरीत सूचना छापली होती, की ही प्रत एका डॉलरहून कमी किमतीला विकता येणार नाही. मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की एकदा प्रत विकली गेली की तिच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाचा ताबा राहत नाही. वाचून झालेले पुस्तक विकणे, मित्राला देणे, नातवासाठी ठेवणे या साऱ्याला अमेरिकेत या निकालाने आधार दिला. तबकडी याच परंपरेतली वस्तू होती.

उतरवून घेतलेला चित्रपट या परंपरेत बसत नाही. ॲपलने २००६ मध्ये आयट्यून्सवर चित्रपट विकायला सुरुवात केली. बटणावर ‘विकत घ्या’ असे होते, पण ग्राहकाला मिळत होता तो अटींनी बांधलेला परवाना. धारिकेला कुलूप, आणि किल्ली विक्रेत्याकडे. याचा अर्थ २००९ मध्ये वाचकांना कळला. विक्रेत्याकडे योग्य हक्क नसलेली एक आवृत्ती ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली. त्या पुस्तकांत जॉर्ज ऑर्वेलचे ‘१९८४’ होते, हा योगायोग कोणा कादंबरीकारालाही सुचला नसता. डिसेंबर २०१८ मध्ये रिडिजी खटल्यात अमेरिकेतील अपील न्यायालयाने विकत घेतलेल्या संगीत-धारिकांची पुनर्विक्री अवैध ठरवली. १९०८चे स्वातंत्र्य त्या धारिकांना लाभले नाही. कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून विक्रेत्याला स्पष्ट सांगावे लागते, की तुम्ही विकत घेत आहात ती वस्तू नव्हे, परवाना.

परंतु मालकीपेक्षाही आपल्या दृष्टीने गंभीर बाब पाठाची आहे. ‘स्टार वॉर्स’ (१९७७) जॉर्ज लुकास यांनी १९९७ मध्ये बरेच बदलून पुन्हा प्रदर्शित केला; मूळ पाठ २००६ मध्ये डीव्हीडीसोबत जोड-तबकडी म्हणून मिळाला. ज्यांनी ती जपली त्यांच्याकडे तो आहे. ‘द फ्रेंच कनेक्शन’ (१९७१) मधील वर्णद्वेषी शिवी असलेला काही सेकंदांचा भाग अमेरिकेतील काही डिजिटल सेवांवरून गळाल्याचे २०२३ मध्ये प्रेक्षकांच्या ध्यानात आले. ते ध्यानात आले, कारण जुन्या तबकड्या लोकांच्या घरी होत्या. शिवीचे समर्थन कोणी करणार नाही. पण ती गाळली गेली आहे हे कळण्याचा तरी हक्क वाचकाला असतो. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती हाती अनेक प्रती होत्या म्हणून. सर्वांसाठी एकच प्रत असती आणि ती रात्रीतून बदलत असती, तर पाठशुद्धी कशाच्या आधारे झाली असती?

याचा अर्थ तबकडी निर्दोष आहे असा नव्हे. डीव्हीडीलाही प्रदेशनिहाय कुलपे होती. एका खंडातली तबकडी दुसऱ्या खंडातल्या यंत्रावर चालत नसे. तिच्यावर ओरखडे पडतात, आणि नव्या लॅपटॉपना तबकडीसाठी खाचच नसते. मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात गेली. नेटफ्लिक्सने २९ सप्टेंबर २०२३ रोजी टपालाने तबकड्या पाठवणे बंद केले. शिवाय जिथे चित्रपटगृह नाही, ग्रंथालय नाही, तिथल्या विद्यार्थ्याला जागतिक चित्रपट दिसला तो महाजालामुळेच. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. खरा भेद तबकडी आणि धारिका यांच्यात नाहीच. कुलूप नसलेली, स्वतःच्या संग्रहात ठेवता येणारी धारिका ही तबकडीइतकीच प्रत आहे. भेद आहे तो प्रत आणि परवाना यांच्यात.

म्हणून एकदा पाहून सोडायचे त्यासाठी परवाना पुरेसा आहे. जे शिकवायचे, ज्यावर लिहायचे, ज्याकडे पुन्हा परतायचे, त्याची मात्र प्रत मिळवावी. आणि कादंबरीची आवृत्ती व वर्ष जसे आपण नोंदवतो, तसे चित्रपटाचेही नोंदवावे. त्या विद्यार्थिनीला मी माझी डीव्हीडी दिली. आठवड्याने तिने ती परत केली, सोबत दोन्ही पाठांतला फरक दाखवणारे चार पानी टिपण होते. गाळलेले प्रसंग तिला एकूण तीन सापडले होते. मला एकच माहीत होता.